हिरव्या पत्त्याची गोळी

तुमची आई आज ज्याला ऑफिस म्हणते, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका काउंटरएवढं होतं. पुसदला बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना एक मेडिकलचं दुकान लागायचं. मालक दुसरेच होते. तुमची आई तिथे पगारावर फार्मासिस्ट होती. ती सून म्हणून आमच्या घरी आली तेव्हा यवतमाळच्या कॉलेजातून बी.फार्म. होऊन तिला फार दिवस झाले नव्हते, आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. संध्याकाळी भाजी घेऊन परतताना मी त्या दुकानात जराशी टेकायची. मालक माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवायचे आणि ‘बसा मॅडम’ म्हणायचे. त्या स्टुलावरून मी तुमच्या आईला ओळखायला लागले. घरात ती कमी बोलायची.

तिथे औषधाचं नाव कोणी घेत नसे. गोळ्यांच्या स्ट्रिपला आमच्याकडे पत्ता म्हणतात. लोक पत्त्याच्या रंगावरून गोळी मागायचे. ‘बीपीची द्या, निळ्या पत्त्याची.’ ‘ते पिवळी नाई का, मधी रेघ असलेली, ते.’ कोणी पत्त्याचा फाटका कोपरा काउंटरवर ठेवायचं आणि नुसतं म्हणायचं, ‘अशीच.’ मला सुरुवातीला वाटायचं, हे अडाणीपण आहे, शिकवलं पाहिजे यांना. हळूहळू कळलं की आपण माणसाचा चेहरा ओळखतो तसं हे लोक पत्ता ओळखतात. त्यात ते सहसा चुकत नाहीत.

एकदा एक गृहस्थ घाईघाईने आले. म्हणाले, “बाई, चक्कर येते त्याची गोळी द्या लवकर. गाडी सुटून राह्यली.”

“कोणाले येते चक्कर, काका?” तुमच्या आईने विचारलं.

“बायकोले.”

“कधीपासून? अजून कोणत्या गोळ्या चालू हायेत त्याईले?”

“ते मले काय माहीत? थे बसमदी बसली हाये. जागा धरून.”

“मंग असं करा, जागा तुमी धरा अन् त्याईले इकडं पाठवा.”

दुकानातले सगळे हसले. ते गृहस्थ रागारागाने गेले, पण बायकोला पाठवलं. ती आली, तुमच्या आईने तिला काही विचारलं आणि गोळी न देता समोरच्या दवाखान्यात धाडलं. त्यांची बस गेली. दुसऱ्या बसने ते दोघं गेले की नाही, ते मी पाहिलं नाही.

मग पुसदला एका मोठ्या कंपनीने औषधांचं दुकान उघडलं. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. काचेचं दार, एसी, भिंतीवर पांढरे दिवे. तुमच्या आईला तिथून बोलावणं आलं. ती जुन्या मालकांना सांगायला संकोचत होती, तर त्यांनीच मला म्हटलं, “मॅडम, तिले जाऊ द्या. माझ्याकडं राह्यली तं काउंटरच्या ह्याच बाजूले म्हातारी होईन.” अशी माणसं आमच्या गावात आहेत, हेही तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

नव्या दुकानात सुरुवातीला गिऱ्हाईकच येईना. खेड्यावरून आलेली माणसं काचेच्या दारापर्यंत यायची, आत पाहायची आणि निघून जायची. जी आत यायची ती चपला बाहेर काढून. एका म्हातारीने तर दाराला हात लावून आधी नमस्कार केला. तुमच्या आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दाराखाली वीट लावून ते सताड उघडं ठेवलं. वरून आलेला साहेब म्हणाला, एसी चालू असताना दार उघडं चालणार नाही. ती म्हणाली, “मग एसी बंद ठेवते.” साहेबाने काहीतरी लिहून घेतलं. पण महिन्याभरात दुकानात उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा त्याने विटेचं काही विचारलं नाही.

ती आधी त्या दुकानाची प्रमुख झाली, मग पुसद, महागाव, उमरखेड या भागातल्या दुकानांची, आणि मग यवतमाळला ऑफिस मिळून सगळ्या जिल्ह्याची. ती स्कूटीवरून उतरून कंपनीच्या गाडीत बसायला लागली. मला हे सगळं समजत होतं, पण पगार वाढतो, पदाचं नाव बदलतं, एवढंच. कामाचा खरा आकार मी नागपूरला पाहिला.

झालं असं, की कंपनीने तिला सबंध विदर्भाची मॅनेजर केलं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पाहू आणि मग पद पक्कं करू, असं. ती सोमवारी पहाटे नागपूरला जायची आणि शनिवारी घरी यायची. तुम्ही दोघं माझ्याजवळ आणि तुमच्या बाबांजवळ पुसदला. बाबा तेव्हाही घरूनच कॉम्प्युटरवर काम करायचे. दिवाळीच्या सुटीत ती आपल्याला नागपूरला घेऊन गेली आणि एक दिवस कंपनीचं गोदाम दाखवायला नेलं. धाकटा माझ्या खांद्यावर झोपला होता, मोठीला आठवत असेल.

गोदाम म्हटल्यावर मी यवतमाळच्या कापसाच्या गोदामासारखं काही डोळ्यांसमोर आणलं होतं. उंच पत्रे, अंधार, धूळ. इथे आत शिरण्याआधी आपल्या चपलांवर निळ्या पिशव्या चढवल्या. आत तीन मजल्यांएवढे उंच रॅक होते आणि एकाही माणसाचा आवाज चढलेला नव्हता. सरकत्या पट्ट्यांवरून निळे ट्रे एकामागून एक चालत होते. एखादा ट्रे मध्येच वळून दुसऱ्या पट्ट्यावर जाई. मला वाटलं चुकला, पण तो चुकलेला नसे. थंड खोलीच्या दाराबाहेर आतलं तापमान दिसत होतं. इन्सुलिन आत होतं.

तुमच्या आईने लॅपटॉप उघडून मला विदर्भाचा नकाशा दाखवला. त्यावर ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक दुकान. “हे बघा आई, फुलसावंगी,” ती म्हणाली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. फुलसावंगी म्हणजे तिचं माहेर, महागाव तालुक्यातलं मोठं गाव. तिथे कंपनीचं दुकान तिनेच उघडायला लावलं होतं. पडद्यावर त्या दुकानातली औषधं आली. कोणती गोळी किती शिल्लक आहे, कोणती उद्या संपेल, कोणती आजच या पट्ट्यावरून तिकडे निघाली. तिच्या आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं ते शटर, आणि ते असं नागपूरला बसून तिला कप्प्याकप्प्याने दिसत होतं.

मी आयुष्यभर वर्गात शिकवलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला की मला समाधान वाटायचं. त्या दिवशी मी त्या पट्ट्यांजवळ उभी राहिले आणि ट्रेंवरची गावांची नावं वाचत राहिले. तुमची आई कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होती, आणि ती काय म्हणते त्यावर अकोल्याचा, चंद्रपूरचा, गोंदियाचा ट्रे वळत होता.

पद पक्कं होण्यासाठी कंपनीने तिला एक काम दिलं होतं. डायबेटिसची एक गोळी आमच्याकडे फार खपते. सगळे तिला शुगरची गोळी म्हणतात. ती एका बाहेरच्या कंपनीची होती, चंदेरी पत्ता आणि त्यावर लाल अक्षरं. लोकांसाठी ती लाल पत्त्याची. तुमच्या आईच्या कंपनीने तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, स्वतः बनवून घेतलं होतं. पत्ता हिरवा होता आणि गोळी पुष्कळ स्वस्त होती. डॉक्टरांना सांगून, विदर्भातल्या सगळ्या दुकानांमधून लाल काढून हिरवी आणायची, आणि सहा महिन्यांच्या आत हे पूर्ण करायचं. तिला या कामाचा आनंद होता. तिची स्वतःची आई तीच गोळी घ्यायची. “गरीब माणसाला महिन्याचं पुरं औषध परवडेल, आई,” ती मला म्हणाली. “नाहीतर लोक एक दिवसाआड खातात.” तिचं बरोबर होतं. बदल वेगाने चालला होता. कंपनीच्या सगळ्या विभागांत विदर्भ पुढे होता आणि विदर्भात यवतमाळ जिल्हा.

हिवाळ्यात मी फुलसावंगीला तुमच्या दुसऱ्या आजीकडे गेले. ओल्या तुरीच्या शेंगा आल्या की तिचा फोन यायचाच, ‘इनबाई, सोले खायले या.’ तुरीच्या ओल्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात, वांग्यात घालून त्यांची भाजी करतात. ती मला विहीणबाईऐवजी इनबाई म्हणते, आणि आम्ही भेटलो की एकमेकींना टोचल्याशिवाय आमचा चहा गोड होत नाही. आम्ही ओसरीत बसून शेंगा सोलत होतो.

“तुमी किताब वाचल्यावानी शेंगा सोलता, इनबाई,” ती म्हणाली. “एक दाना पाह्यता, मंग दुसरा. अश्यानं रातीच्याले वांगे शिजतीन का?”

“मी सोललेल्यात कीड नसते,” मी म्हटलं. “तुमच्या ताटात पाहा.”

“थे किड्याची भाजी तुमाले स्पेशल ठेवली हाये.”

एवढं बोलून ती उठली आणि उठता उठता मटकन खाली बसली. हात थरथरत होते. कपाळ, मान, पदर, सगळं घामाने भिजलं होतं, आणि ते दिवस थंडीचे. मी तिला हाक मारली तर ती माझ्याकडे पाहत होती, पण ओळखत नव्हती. मी स्वयंपाकघरात धावले, साखरेचा डबा सापडला, पाण्यात साखर घालून घोट घोट पाजलं. हे मला तुमच्या आईने शिकवलं होतं, कारण थोडी शुगर मलाही आहे. हळूहळू तिची नजर परत आली.

“काय झालं वं बाई?” ती म्हणाली. “कोनी पानी सांडलं माह्या अंगावर?”

मी विचारलं, “सकाळी जेवल्या होत्या का?”

“दोन भाकरी खाल्ल्या.”

“गोळी कोणती घेतली?”

तिने कोनाड्यातून बिस्किटाचा डबा मागितला. डब्यात दोन पत्ते होते. एक लाल अक्षरांचा, अर्धा संपलेला. एक हिरवा, नवा.

“ह्या दोन्ही घेतल्या. रोजच घेतो.”

“अहो, या दोन्ही एकच आहेत.”

“एक कश्या असतीन? रंग पाहा ना तुमी. चष्मा लावून पाहा.”

“हिरवी आल्यावर लाल बंद का नाही केली?”

“बंद कायले करू? डॉक्टरनं बंद कर म्हणतलं नाई. अन् हिरवी माह्या पोरीच्या कंपनीची हाये. डॉक्टरचं बी आयकाव लागते, पोरीचं बी आयकाव लागते.”

मी दोन्ही पत्ते हातात घेऊन पाहिले. तिच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक कुठे होती? रंग नवा म्हणजे औषध नवं. घरात शिल्लक असलेलं औषध कोणी टाकून देत नाही. मग दोन्ही घ्यायच्या. अंगणाच्या भिंतीपलीकडून शेजारीण आमचं बोलणं ऐकत होती. ती आत आली आणि म्हणाली, “मी बी दोन्ही घेऊन राह्यलो. चक्कर येते मले, पण मी म्हणलं हिरवी जरा पावरफुल हाये. आमच्या विहारातल्या आणखीन दोघी तश्याच घेतेत.”

तेव्हा मला नकाशावरचे ते ठिपके दिसले, सगळे एकदम.

मी तुमच्या आईला फोन लावला आणि जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं. तिने विचारलं, “घाम थांबला का? बोलते आहे का नीट?” मी हो म्हटलं. “शुगर तासाभराने पुन्हा घसरू शकते. आता काहीतरी खायला द्या, आणि लगेच डॉक्टरकडे न्या. शेजारच्या काकूंनाही न्या.” आणि मग, “आई, त्या काकूंना आधी फोन द्या.” शेजारणीशी ती तिच्या भाषेत बोलली. कधीपासून, किती, कशी, दुकानात देताना काय सांगितलं होतं. शेजारीण म्हणाली, “सांगतलं ना वं त्यानं, हे नवी हाये म्हणून. समजलं का म्हणे. मी म्हणलं, समजलं.”

फोन परत माझ्या हातात आला तेव्हा तुमची आई म्हणाली, “मी थांबवते.” एवढंच.

आम्ही तिघी ऑटोने दवाखान्यात निघालो. वाटेत कंपनीचं दुकान लागलं. मी ऑटो थांबवून आत गेले, म्हटलं, इथल्या फार्मासिस्टला तरी सांगावं. तो कॉम्प्युटरकडे पाहत गोंधळून उभा होता. मी काही बोलण्याआधीच म्हणाला, “मॅडम, शुगरची हिरवी देता येत नाही. आत्ताच लॉक झाली. बिलच निघत नाही.”

आमच्या ऑटोने दोन गल्ल्याही ओलांडल्या नव्हत्या. बाहेर ऑटोत तिची आई बसली होती, आणि नागपूरला बसलेल्या तिच्या लेकीने सबंध विदर्भातली ती गोळी जागच्या जागी धरून ठेवली होती. कोणाला न विचारता. मी त्या दुकानात उभी होते आणि मला गोदामातल्यापेक्षा जास्त नवल वाटत होतं. तिथे यंत्रं होती. इथे तिचा निर्णय होता, आणि त्याची किंमत मला माहीत होती. सहा महिने संपत आले होते. बदल पूर्ण झाला तर पद पक्कं, नाही तर तिला पुन्हा यवतमाळच्या खुर्चीत बसावं लागणार होतं, आणि एकदा मागे आलेल्या माणसाला कंपन्या सहसा पुन्हा पुढे नेत नाहीत.

पण गोळी नुसती धरून ठेवून भागणार नव्हतं. लाल पत्ते बऱ्याच दुकानांमधून संपले होते. हिरवी बंद राहिली तर लोकांना गोळीच मिळाली नसती, आणि तेही धोक्याचंच. संध्याकाळपर्यंत तिने कुलूप उघडलं, पण एक नियम घालून. जुना पत्ता आणल्याशिवाय नवा द्यायचा नाही. जुन्यात जेवढ्या गोळ्या उरल्या असतील त्या परत घ्यायच्या आणि तेवढ्याच हिरव्या बदलून द्यायच्या. रिकाम्या लाल पत्त्याचा एक तुकडा कापून हिरव्या पाकिटाला स्टेपल करायचा, म्हणजे घरी गेल्यावरही दिसेल की ही त्या जागी आली आहे. आणि ज्यांनी हिरवी आधीच नेली आहे त्या सगळ्यांना फोन करायचे, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी जायचं.

शनिवारी ती घरी आली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी महागावच्या दुकानात निघाली. मी सोबत गेले. तिने तिथल्या लोकांना उभ्या उभ्या एक गोष्ट सांगितली, ती मी शिक्षिका असून मला कधी सुचली नव्हती. “समजलं का, असं विचारू नका,” ती म्हणाली. “समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. विचारा, उद्या सकाळी उठल्यावर कोणती घ्याल? मग ते काय सांगतात ते ऐका.” तिथल्या एका मुलीने समोरच्या आजोबांना तसं विचारलं. आजोबा म्हणाले, “दोन्ही घेईन, कायले घाबरता.” सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

एकेका माणसाला वेळ लागायला लागला. काउंटरपुढे रांगा लागल्या, लोक चिडले, काही जण दुसऱ्या दुकानात गेले. सगळ्यात पुढे असलेला विदर्भ कंपनीच्या तक्त्यात मागे पडत शेवटी गेला.

पद पक्कं करण्याची मीटिंग कॉम्प्युटरवर होती. त्या दिवशी ती पुसदलाच होती आणि माझ्या खोलीत बसली, कारण तिथे नेट नीट चालायचं. मी तुम्हा दोघांना स्वयंपाकघरात चित्रं काढायला बसवलं होतं. दार पुरतं लागत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते सगळे हिंदीत बोलत होते, मध्येमध्ये इंग्रजी. मी मराठीत लिहिते.

एक साहेब म्हणाले, “तुमचा भाग सगळ्यात मागे आहे.”

“हो सर.”

“या गोळीबद्दल किती तक्रारी आल्या होत्या तुमच्याकडे?”

“एकही नाही.”

“मग?”

“तक्रार करायला काहीतरी चुकतंय हे कळावं लागतं, सर. चक्कर आली की या लोकांना गोळी चुकली असं वाटत नाही. त्यांना वाटतं, वय झालं.”

“दुसऱ्या राज्यांत तर हा प्रश्न आला नाही.”

“दुसऱ्या राज्यांत कोणी घरी जाऊन डबा उघडून पाहिला का?”

मग एका बाईंचा आवाज आला. “तुम्हाला हे कळलं कसं?”

हे ती टाळू शकली असती. ती म्हणाली, “माझ्या आईला झालं.”

“म्हणजे हा तुमचा व्यक्तिगत प्रश्न होता,” पहिले साहेब म्हणाले. “म्हणून तुम्ही न विचारता सबंध विभागाचा माल थांबवलात.”

“कळलं ते म्हणूनच, सर. बाकीच्यांच्या मुली कंपनीत नाहीत.”

मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. बसमधल्या बायकोला बोलवा म्हणाली होती, त्याच आवाजात ती बोलली. मी शेकडो मुलींना भाषणं करायला शिकवली, स्पर्धांना नेली, बक्षिसं मिळवून दिली. असं वाक्य मी कोणाकडून बोलवून घेऊ शकले नव्हते.

ती बाहेर आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. “नाही झालं, आई,” ती म्हणाली. “अजून सहा महिने पाहू म्हणाले. पण नियम ठेवा म्हणाले, सध्या तरी.” मग तिने धाकट्याचं चित्र पाहिलं आणि त्याला विचारलं, हत्तीला पाच पाय का. तो म्हणाला, एक सोंड आहे.

फुलसावंगीला हे कळलं तेव्हा तुमची दुसरी आजी फोन करून माझ्यावरच चिडली. “तुमी कायले तिले फोन केला, इनबाई? पोरीची बढती गेली ना माह्यापायी. साखर पाजली होती, झालं होतं.”

“पुढच्या वेळी नाही पाजणार,” मी म्हटलं.

“नका पाजू. गूळ देजा. साखर मले आवडतच नाई.”

पण फोन ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं, “साहेबाले खरंच तसं बोलली का वं ते?” मी सगळं पुन्हा सांगितलं. तिने ते तीनदा ऐकलं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. त्या मीटिंगमधल्या बाईंनी दुसऱ्या राज्यांत माणसं पाठवली आणि लोकांच्या घरचे डबे उघडून पाहायला लावले. तिथे काय निघालं ते आम्हाला कोणी कळवलं नाही. पण उन्हाळा संपायच्या आत तुमच्या आईला बंगळूरहून बोलावणं आलं. विदर्भाचं पद नाही, वेगळंच काम. कंपनीच्या कुठल्याही दुकानात, कुठल्याही राज्यात गोळीचा पत्ता बदलायचा असेल तर तो कसा बदलायचा, हे ठरवणारं. तिने मला विचारलं होतं, जाऊ का? मी लगेच जा म्हटलं. दोन ट्रंका भरल्या, तुमची पुस्तकं बांधली, आणि तुमची गाडी निघून गेल्यावर मी तुमच्या खोलीत जाऊन खिडक्या लावल्या. तुम्ही मला फोनवर विचारता, आजी, आपण इतके लांब का राहतो? त्याचं कारण हे आहे.

मागच्या आठवड्यात मी पुसदच्या त्याच काचेच्या दाराच्या दुकानात माझी बीपीची गोळी आणायला गेले होते. तिचाही पत्ता बदलला आहे, हे मला माहीत नव्हतं. काउंटरवर एक नवीन मुलगी होती, दिग्रसकडची असावी बोलण्यावरून. तिने मला आधी कधी पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

“आजी, जुना पत्ता आणला का?”

“नाही आणला. चिठ्ठी आहे ना.”

“चिठ्ठी असू द्या. पत्ता पाह्यजे. घर जवळ हाये का तुमचं?”

मी म्हटलं, “मी कॉलेजात प्रोफेसर होते, बाई. मला वाचता येतं.”

“हो आजी, पण पत्ता आणा,” ती हसून म्हणाली. “सगळ्याईले आणाव लागते.”

मी ऑटो करून घरी गेले, पत्ता घेतला आणि परत आले. तिने उरलेल्या गोळ्या मोजून घेतल्या, तेवढ्या बदलून दिल्या, जुन्या पत्त्याचा तुकडा नव्या पाकिटाला लावला आणि ते माझ्या हातात न देता स्वतःच्या हातात धरून ठेवलं.

“आता सांगा आजी, उद्या सकाळी कोणती घ्याल?”

त्या क्षणी बंगळूरला तुमची आई कुठल्यातरी मीटिंगमध्ये बसली असेल. तिला हे ठाऊकही नव्हतं. आणि इथे तिने कधी न पाहिलेली एक मुलगी तिचा प्रश्न मलाच विचारत होती, तितक्याच शांतपणे, आणि उत्तर बरोबर येईपर्यंत पाकीट सोडणार नव्हती. अशा किती काउंटरांवर आत्ता हेच विचारलं जात असेल, कुठल्या कुठल्या भाषांमध्ये, याचा विचार करताना मी उत्तर द्यायचंच विसरले.

“आजी?” ती म्हणाली.

“ही,” मी नव्या पाकिटावर बोट ठेवून म्हटलं. “फक्त हीच. एक. नाश्ता झाल्यावर.”

तिने मान डोलावली आणि पाकीट दिलं. तुमची आई कोण आहे, हे मी तिला सांगितलं नाही. माझ्यामागे खेड्यावरून आलेले एक आजोबा उभे होते. तिने हाक मारायच्या आधीच त्यांनी खिशातून जुना पत्ता काढून काउंटरवर ठेवला.